इंग्रजी वाक्याचे भाग आणि प्रकार: व्याख्या पाठ असूनही तीच चूक पुन्हा का होते?

गोव्यातील मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळांतून पाचवीत येणाऱ्या मुलांना जे इंग्रजी शिकवतात, त्यांना एक अडचण दरवर्षी नव्याने भेटते. चौथीपर्यंत इंग्रजी हा अनेक विषयांपैकी एक विषय असतो. पाचवीपासून बहुतेक शाळांत तेच माध्यम होते आणि इंग्रजी वाक्य विज्ञानाच्या, भूगोलाच्या उत्तरांतही लागू लागते. म्हणून पाचवीच्या सुरुवातीलाच ‘पार्ट्‌स ऑफ अ सेंटेन्स’ आणि ‘काइंड्‌स ऑफ सेंटेन्सेस’ हे दोन धडे शिकवले जातात, मुले व्याख्या घोकतात, चाचणीत गुणही मिळवतात, आणि पंधरवड्यानंतर एखादे अनोळखी वाक्य समोर ठेवले की पहिल्या शब्दाखाली रेघ मारून त्याला ‘सब्जेक्ट’ म्हणतात. सहावीत उजळणी होते, सातवीत होते, आठवीतही होते. चूक मात्र जागची हलत नाही.

याचे खापर मुलांच्या आळसावर किंवा ‘पाया कच्चा’ या सोयीच्या शेऱ्यावर फोडून काही हाती लागत नाही. दोष मांडणीत आहे. वाक्याचे भाग एका धड्यात आणि वाक्याचे प्रकार दुसऱ्या धड्यात, असे आपण त्यांना तोडून शिकवतो आणि दोन्ही केवळ अर्थावर बेतलेल्या व्याख्यांवर टांगून ठेवतो. इंग्रजीत वाक्याचा प्रकार बदलणे म्हणजे क्रियापदाची आणि उद्देश्याची (सब्जेक्टची) जागा बदलणे होय. म्हणून प्रकार बदलून पाहिल्याशिवाय भाग सापडत नाहीत, आणि भाग सापडल्याशिवाय प्रकार नीट बदलता येत नाहीत. हे दोन धडे एकत्र गुंफले, तर पुढील बरीचशी दुरुस्ती आपोआप होते.

आधी तपासणी

उजळणी सुरू करण्यापूर्वी मूल नेमके कोठे अडते ते पाहावे, कारण वरून एकसारख्या दिसणाऱ्या चुकांची कारणे वेगवेगळी असतात. त्यासाठी पुढील वाक्ये फळ्यावर लिहून मुलांना फक्त उद्देश्य, म्हणजे सब्जेक्ट, ओळखायला सांगावे.

‘ऑन फ्रायडेज माय ग्रँडमदर सेल्स चिलीज इन म्हापसा.’ येथे जो ‘फ्रायडेज’खाली रेघ मारतो, तो केवळ जागेवरून ओळखतो आहे, ‘पहिला शब्द म्हणजे सब्जेक्ट’ हा नियम त्याने स्वतःच तयार केला आहे, कारण पुस्तकातील सुरुवातीची सगळी उदाहरणे ‘राम’ किंवा ‘सीता’ यांनीच सुरू होतात.

‘द फेरी टू चोडण इज लेट.’ येथे काही मुले ‘फेरी’ एवढेच लिहितील, काही ‘चोडण’ लिहितील. पहिल्यांना नाम कळते, पण त्याला चिकटलेला पदसमूह कळत नाही. दुसऱ्यांनी क्रियापदाच्या लगतचे नाम उचललेले असते.

‘द चिलीज वेअर सोल्ड बाय माय ग्रँडमदर.’ ज्याने येथे ‘ग्रँडमदर’ लिहिले, त्याची व्याख्या पक्की पाठ आहे आणि तीच त्याला नडते आहे. ‘जो क्रिया करतो तो सब्जेक्ट’ असे आपणच त्याला सांगितलेले असते. विकणारी आजीच आहे, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पण इंग्रजी वाक्यात उद्देश्याची जागा मिरच्यांकडे आहे, म्हणून तर क्रियापद ‘वेअर’ झाले आहे.

शेवटी ‘क्लोज द डोअर.’ आणि ‘द ओल्ड मॅन विथ टू डॉग्ज’ ही जोडी द्यावी आणि यांतील वाक्य कोणते ते विचारावे. लांबीवरून ठरवणारी मुले दुसऱ्याला वाक्य म्हणतील, आणि ही चूक अजिबात दुर्मीळ नाही.

या उत्तरांतच मुलांचे गट पडतात. सर्वांना एकच उपाय लावू नये. जे मूल इंग्रजी शब्दच अडखळत वाचते, त्याला वरीलपैकी काहीही लिहून देऊ नये; वाक्य आपण मोठ्याने म्हणावे आणि उत्तर तोंडी घ्यावे. नाहीतर वाचनाची अडचण व्याकरणाच्या नावावर खपते आणि शिक्षक भलत्याच दुखण्यावर औषध देत बसतो.

मुळाशी काय आहे

पहिले कारण ‘पूर्ण अर्थ व्यक्त करणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य’ या व्याख्येत आहे. मराठीत ‘आला.’ हे पूर्ण वाक्य आहे. ‘कुठे चाललास?’ यात कर्ता उच्चारलेला नाही, तरी कोणालाही काही कमी वाटत नाही, कारण ‘चाललास’ या रूपातच समोरची व्यक्ती एक आहे आणि ती पुरुष आहे हे सांगितलेले असते. इंग्रजी क्रियापद एवढी माहिती वाहून नेत नाही. ‘वेंट’ हे रूप मी, तू, तो, ती, ते सगळे, या सर्वांना एकच आहे. त्यामुळे कोण गेले ते स्वतंत्र शब्दाने सांगावेच लागते. हे कारण मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावे. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला ‘वेंट टू पणजी.’ यात पूर्ण अर्थ दिसतो आणि आपली व्याख्या त्याला दुजोराच देते. सांगण्यासारखा कर्ता नसतानाही इंग्रजी ती जागा मोकळी ठेवत नाही, ‘इट इज रेनिंग’ असे म्हणून कसलाही अर्थ नसलेला ‘इट’ तेथे आणून बसवते, हे दाखवले की नियमाचा कडकपणा मुलांच्या ध्यानात येतो.

दुसरे कारण याच्या उलट बाजूचे आहे. कोकणीत ‘तुजें नांव कितें?’ आणि मराठीत ‘तुझे नाव काय?’ या दोन्ही प्रश्नांत क्रियापद नाही. ‘हा माझा भाऊ’ यातही नाही. त्यामुळे ‘व्हॉट युअर नेम?’ आणि ‘ही माय ब्रदर’ ही वाक्ये मुलांच्या वहीत येतात, तेव्हा ती घरच्या भाषेच्या नियमाला धरूनच आलेली असतात. हीच मुले दुसरीकडे ‘आय ॲम गो टू स्कूल’ असे लिहितात. लहानपणी ‘आय ॲम राहुल’, ‘आय ॲम सिक्स इयर्स ओल्ड’ असे घोकून ‘आय ॲम’ हा जोडशब्द म्हणजेच ‘मी’ अशी त्यांची समजूत झालेली असते. एकीकडे क्रियापद गायब आणि दुसरीकडे एक जास्तीचे, या दोन चुका परस्परविरुद्ध वाटतात. त्यांचे मूळ मात्र एकच आहे. क्रियापद कोणते, हे मुलाला दिसतच नाही.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मराठीत ज्याच्याविषयी आपण बोलतो, तो नेहमी प्रथमा विभक्तीत नसतो. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला ताप आला’, ‘मला दोन भाऊ आहेत’ या तिन्ही वाक्यांत ‘मला’ आहे. क्रियापद मात्र आंब्याशी, तापाशी आणि भावांशी जुळते. कोकणीत ‘म्हाका भूक लागल्या’ याचीही रचना तशीच. इंग्रजीत यांपैकी बहुतेक ठिकाणी ‘आय’ हे उद्देश्य होते: ‘आय लाइक मँगोज’, ‘आय हॅव अ फीव्हर’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘आय ॲम हंग्री’. मूल घरच्या साच्यातून निघाले की ‘मी लाइक मँगो’ किंवा ‘टू मी टू ब्रदर्स’ असे काहीतरी तयार होते.

भूतकाळात गुंता आणखी वाढतो. ‘मुलीने आंबा खाल्ला’ आणि ‘मुलीने पोळी खाल्ली’ यांत खाणारी तीच, पण क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे बदलते. हा आपला कर्मणी प्रयोग. इंग्रजीत क्रियापदाचे सूत्र कायम उद्देश्याच्याच हातात असते. ज्या शाळेत मराठी व्याकरणाच्या तासाला प्रयोग शिकवतात, तेथे मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र बसून हा एक मुद्दा शेजारी-शेजारी मांडला, तर दोघांचेही काम हलके होते. प्रत्यक्षात दोन्ही विषयांच्या शिक्षकांना एकमेकांचा अभ्यासक्रम क्वचितच ठाऊक असतो, ही खेदाची बाब आहे.

उपाय: सुरुवात क्रियापदापासून

उद्देश्य आधी शोधायला सांगू नये. आधी क्रियापद शोधावे, आणि तेही ‘क्रिया दाखवणारा शब्द’ या व्याख्येने शोधू नये. ‘इज’मध्ये कोणती क्रिया दिसते? आणि ‘स्विमिंग इज गुड एक्झरसाइज’ या वाक्यात क्रिया तर ‘स्विमिंग’मध्येच दिसते. त्याऐवजी काळ बदलून पाहावा. ‘एव्हरी फ्रायडे माय ग्रँडमदर सेल्स चिलीज’ हे वाक्य मागच्या शुक्रवारी न्यावे: ‘लास्ट फ्रायडे माय ग्रँडमदर सोल्ड चिलीज.’ पुढच्या शुक्रवारी न्यावे: ‘नेक्स्ट फ्रायडे माय ग्रँडमदर विल सेल चिलीज.’ दिवसाचे शब्द आपण स्वतः बदलले; त्यांखेरीज जो शब्द बदलावा लागला, तेच क्रियापद. ‘आय ॲम गो’ लिहिणाऱ्या मुलाला हीच परीक्षा द्यावी. भूतकाळात नेताना ‘वॉज’ करायचे की ‘वेंट’, या प्रश्नावर ते थबकते, आणि एका जागेवर दोघे बसले आहेत हे त्याला स्वतःलाच कळते. ‘पुट’ आणि ‘कट’ यांसारखी भूतकाळात न बदलणारी क्रियापदे सुरुवातीच्या उदाहरणांत घेऊ नयेत, एवढी काळजी पुरे.

क्रियापद सापडले की वाक्याचा हो-नाही उत्तराचा प्रश्न करावा. खरी युक्ती येथे आहे. ‘द फेरी टू चोडण इज लेट’ याचा प्रश्न ‘इज द फेरी टू चोडण लेट?’ असा होतो. ‘इज’ने ज्या शब्दांवरून उडी मारली, ते सगळे शब्द म्हणजे उद्देश्य. फक्त ‘फेरी’ नाही आणि ‘चोडण’ तर नाहीच. कोणतीही व्याख्या न सांगता संपूर्ण पदसमूह हाती येतो. कर्मणी रचनेलाही हीच परीक्षा पुरते: ‘वेअर द चिलीज सोल्ड बाय माय ग्रँडमदर?’ येथे ‘वेअर’ने ‘द चिलीज’ ओलांडले, आजीला ओलांडले नाही. मग क्रिया कोणी केली हा वादच उरत नाही.

हे वर्गात प्रत्यक्ष करून दाखवावे. कागदाच्या पट्ट्यांवर एकेक शब्द मोठ्या अक्षरांत लिहून मुलांच्या हाती द्यावा आणि त्यांना वाक्याच्या क्रमाने ओळीत उभे करावे. प्रश्न करायचा झाला की ‘इज’वाला मुलगा चालत जाऊन ओळीच्या पुढे उभा राहतो. तो ज्यांच्यासमोरून गेला, त्यांनी हात वर करावेत. काही मुले त्याला ‘द फेरी’च्या पुढे नेऊन ‘टू चोडण’ला वाक्याच्या शेवटी पाठवू पाहतील, वाक्य मोठ्याने म्हणायला सांगितले की गडबड कानाला जाणवते. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाची तक्रारही येऊ शकते; पण वहीत दहा वेळा लिहून जे साधत नाही, ते या एका फेरीत साधते.

साहाय्यक क्रियापद नसलेल्या वाक्यात उडी मारायला कोणी नसते, म्हणून ‘डू’ला बोलवावे लागते. ‘माय ग्रँडमदर सेल्स चिलीज’ याचा प्रश्न ‘डज माय ग्रँडमदर सेल चिलीज?’ असा होतो. ‘सेल्स’मधला ‘एस’ कोठे गेला, असे मुलांना विचारावे. तो ‘डज’मध्ये गेला. काळाची आणि वचनाची खूण एका वेळी एकाच शब्दावर राहते, हे लक्षात आले की ‘डज शी सेल्स’ आणि ‘डिड यू वेंट’ या दोन हट्टी चुका एकाच कारणाने समजावता येतात. नकारासाठीही हाच मार्ग: ‘शी डज नॉट सेल चिलीज.’ मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतो, तेव्हा त्याला इंग्रजीत पहिल्या साहाय्यकाच्या मागे जागा द्यावी लागते, एवढे सांगून पुढे जावे. या भागावर फार वेळ घालवण्याची गरज पडत नाही.

‘देअर आर थ्री बोट्स ॲट द जेट्टी’ हे वाक्य मात्र शिक्षकांनाही अडवते. प्रश्न करून पाहिला तर ‘आर देअर थ्री बोट्स?’ असा होतो, म्हणजे ‘आर’ने ‘देअर’ला ओलांडले. जागेच्या दृष्टीने उद्देश्य ‘देअर’; पण ‘इज’ की ‘आर’ हे ठरवते ‘थ्री बोट्स’. अनेक शालेय पुस्तके बोटींनाच उद्देश्य मानतात. मुलांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात आणि उत्तरपत्रिकेत आपल्या पुस्तकाप्रमाणे लिहायला सांगावे. पाचवीत हे वाक्य न घेतलेलेच बरे.

फळ्यावर आकृती काढायची असेल, तर अमेरिकेतील अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या दोन शिक्षकांनी १८७७ मध्ये मांडलेली पद्धत आजही उपयोगी पडते. एक आडवी रेघ ओढायची आणि तिला आरपार छेदणारी एक उभी रेघ मारायची. डावीकडे उद्देश्यातील मुख्य शब्द, उजवीकडे क्रियापद. कर्म असेल तर त्याच्या आधी आडव्या रेघेवर टेकणारी, पण तिला न छेदणारी लहान उभी रेघ. पूरक असेल तर ती रेघ डावीकडे, म्हणजे उद्देश्याकडे, कललेली. त्यामुळे ‘शी मेट अ टीचर’ आणि ‘शी बिकेम अ टीचर’ यांतील फरक डोळ्यांना दिसतो: पहिल्यात दोन व्यक्ती आहेत, दुसऱ्यात एकच. त्या पद्धतीतील पुढील फांद्या-उपफांद्या शालेय वर्गासाठी अनावश्यक आहेत.

प्रकार: चिन्हावरून नव्हे, रचनेवरून

प्रकार ओळखताना मुले वाक्याच्या शेवटचे चिन्ह पाहतात आणि त्यावरून उत्तर देतात. मोडीतील जुन्या कागदपत्रांत विरामचिन्हे जवळजवळ नसतच. मराठीत ती इंग्रजीच्या वळणाने आली आणि ती रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. प्रश्न तेव्हाही होते आणि उद्गारही होते, चिन्हाविना. म्हणून सरावासाठी चिन्हे पुसलेली वाक्ये द्यावीत आणि चिन्ह मुलांनी लावावे. ‘हाऊ टॉल इज द नरकासुर’ आणि ‘हाऊ टॉल द नरकासुर इज’ ही जोडी यासाठी उत्तम. दोन्हींत शब्द तेच आहेत. पहिल्यात ‘इज’ने नरकासुराला ओलांडले आहे, म्हणून तो प्रश्न, दुसऱ्यात ओलांडलेले नाही, म्हणून तो उद्गार. भागांचा धडा आणि प्रकारांचा धडा येथे एकमेकांना भेटतात.

प्रश्नार्थक शब्दांच्या वाक्यांत आपल्याकडची सर्वांत टिकाऊ चूक आढळते: ‘व्हेअर यू आर गोइंग?’ मराठीत ‘तू कुठे जातोस?’ असे म्हणताना प्रश्नार्थक शब्द आपली जागा सोडत नाही आणि बाकीचे वाक्यही हलत नाही. इंग्रजीत दोन हालचाली कराव्या लागतात. मुले एक करतात आणि थांबतात. म्हणून प्रश्न एका दमात करू देऊ नये. आधी ‘यू आर गोइंग टू फोंडा’, मग ‘आर यू गोइंग टू फोंडा?’, आणि त्यानंतर ‘टू फोंडा’ काढून पुढे ‘व्हेअर’ ठेवायचा: ‘व्हेअर आर यू गोइंग?’ मधली पायरी वहीत लिहूनच दाखवायला सांगावी. कंटाळवाणे वाटले तरी काही आठवडे हा आग्रह सोडू नये. प्रश्नार्थक शब्द स्वतःच उद्देश्य असेल, तर मात्र उडी नाही: ‘हू सेल्स चिलीज?’ याचे कारण मुलेच सांगू शकतात; ओलांडायला पुढे कोणी उरलेलेच नाही.

बोलण्यात ‘यू आर कमिंग, नो?’ असे आपण सगळेच म्हणतो, शिक्षकही म्हणतात. ते बोलण्यापुरते राहू द्यावे, त्यावरून मुलांना टोकू नये. लेखी उत्तरात ‘आरंट यू?’ हवे एवढे सांगावे. हा शेपटीचा प्रश्न शिक्षकासाठी आणखी एक परीक्षा आहे, कारण शेपटीतील सर्वनाम नेहमी उद्देश्याकडेच बोट दाखवते. ‘ऑन फ्रायडेज माय ग्रँडमदर सेल्स चिलीज, डझंट शी?’ यातील ‘शी’ म्हणजे आजी, शुक्रवार नव्हे.

आज्ञार्थी वाक्यात उद्देश्य ‘यू’ असते आणि ते उच्चारले जात नाही. एरवी जागा मोकळी न सोडणारी इंग्रजी येथे सोडते, हा एकमेव मोठा अपवाद आहे आणि तो अपवाद म्हणूनच शिकवावा. आपल्याकडे ‘दार लाव’ आणि ‘दार लावा’ यांत आदराचा भेद आहे. इंग्रजीत रूप एकच असल्यामुळे आदराची कसर ‘प्लीज’ भरून काढतो. ‘प्लीज’ आला म्हणून प्रकार बदलत नाही. उलट ‘वुड यू क्लोज द डोअर?’ ही विनंती असली तरी रचनेने प्रश्नच आहे. परीक्षेत रचनेप्रमाणे उत्तर लिहावे. ‘मे गॉड ब्लेस यू’ यासारख्या इच्छार्थी वाक्यांना काही पुस्तके पाचवा प्रकार मानतात, काही उद्गारार्थीतच धरतात. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, वर्गातील पुस्तक जे सांगते ते स्वीकारावे.

केवल, संयुक्त, मिश्र

येथे मुलांचा पहिला गोंधळ असा असतो की ‘सिंपल’, म्हणजे केवल, हा ‘इंटरॉगेटिव्ह’च्या, म्हणजे प्रश्नार्थीच्या, रांगेतलाच आणखी एक प्रकार आहे असे त्यांना वाटते. ही दोन स्वतंत्र वर्गीकरणे आहेत आणि प्रत्येक वाक्याला दोन्हींत स्थान असते. ‘व्हेन डज द फेरी लीव्ह?’ हे प्रश्नार्थी आहे आणि केवलही आहे. ‘कॉल मी व्हेन यू रीच रायबंदर’ हे आज्ञार्थी आहे आणि मिश्रही. प्रत्येक सरावात दोन रकाने आखून दोन्ही उत्तरे एकदम मागितली की हा गोंधळ लवकर निवळतो.

दुसरा गोंधळ ‘अँड’ दिसला की संयुक्त आणि वाक्य लांबलचक दिसले की मिश्र, असे ठरवण्याचा. ‘माय ग्रँडमदर अँड माय आंट वेंट टू म्हापसा’ यात ‘अँड’ आहे, पण काळ दाखवणारे क्रियापद एकच आहे, वाक्य केवल. शब्द मोजू नयेत, ‘अँड’ शोधू नये. काळ बदलून क्रियापदे शोधावीत आणि प्रत्येकाला स्वतःचे उद्देश्य आहे का ते पाहावे. जोडीदार तुल्यबळ असतील तर संयुक्त. एक दुसऱ्यावर अवलंबून असेल तर मिश्र.

‘द बॉय हू सिट्स निअर द विंडो इज माय कझिन’ या वाक्यात क्रियापदे दोन आहेत, मुख्य कोणते? मुले हमखास पहिले, म्हणजे ‘सिट्स’, सांगतात. प्रश्न करून पाहावे: ‘इज द बॉय हू सिट्स निअर द विंडो माय कझिन?’ ‘इज’ उडी मारते, ‘सिट्स’ जागेवरच राहते. मुख्य क्रियापद सापडले आणि एवढे लांब उद्देश्यही सापडले. सातवी-आठवीच्या मुलांना हे वाक्य फार आवडते, कारण ज्या परीक्षेने त्यांनी फेरीबोटीचे सोपे वाक्य सोडवले, त्याच परीक्षेने हेही सुटते.

मिश्र वाक्य रचताना मात्र मराठीच्या जोड्या आड येतात. आपण ‘जरी–तरी’, ‘जर–तर’, ‘जेव्हा–तेव्हा’, ‘जो–तो’ असे दोन्हीकडे शब्द ठेवतो. ते आपल्या वाक्याचे सौंदर्यही आहे. इंग्रजीत सांधा, म्हणजे वाक्ये जोडणारा शब्द, एकाच बाजूला असतो. म्हणून ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ किंवा ‘बिकॉज ही वॉज इल, सो ही डिड नॉट कम’ अशी वाक्ये जन्माला येतात. अशा वेळी दोन सांध्यांपैकी कोणताही एक मुलानेच पुसावा आणि दोन्ही पर्याय वाचून पाहावेत: ‘ऑलदो’ पुसला तर संयुक्त वाक्य होते, ‘बट’ पुसला तर मिश्र. एकाच चुकीच्या वाक्यातून दोन प्रकारांची उदाहरणे मिळतात, तेव्हा अशी वाक्ये लाल शाईने खोडून टाकण्याऐवजी फळ्यावर घ्यावीत.

‘व्हाय वॉज द स्कूल क्लोज्ड?’ याला ‘बिकॉज इट वॉज रेनिंग.’ एवढेच उत्तर लिहिणाऱ्या मुलाला ‘पूर्ण अर्थ नाही’ असे सांगू नये, कारण अर्थ पूर्ण कळतोच. ‘बिकॉज’ हा शब्द आपल्या वाक्याला दुसऱ्याचा आश्रित करतो आणि येथे आश्रय देणारे वाक्य लिहिलेलेच नाही, असे सांगावे. ‘बिकॉज’ बोटाने झाकला तर ‘इट वॉज रेनिंग’ स्वतःच्या पायावर उभे राहते, हे दाखवले की पुरे.

प्रश्न बरोबर करायला शिकलेली मुले काही दिवसांनी ‘टेल मी व्हेअर आर यू गोइंग’ असे लिहू लागतात. याला बिघाड समजू नये. नियम आत मुरत असल्याची ती खूण आहे. प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की उडी रद्द होते, एवढी भर त्या वेळी घालावी, त्याआधी नव्हे.

तरीही चूक राहिली तर

सरावात सगळे बरोबर आणि निबंधात पुन्हा ‘ही माय ब्रदर’, अशी तक्रार हमखास येते. व्याकरणाची वही आणि बाकीचे लेखन यांत मुलांच्या मनात भिंत असते. ती पाडायची तर उदाहरणे इतर विषयांच्या पुस्तकांतून घ्यावीत. ‘द रूट्स ऑफ मँग्रोव्ह ट्रीज ग्रो इन सॉल्टी मड’ या विज्ञानाच्या वाक्याचा प्रश्न करायला सांगावा. चोडणच्या पक्षी अभयारण्यात जाऊन आलेल्या मुलांना खारफुटी काय असते हे ठाऊक असते, त्यामुळे लक्ष पूर्णपणे रचनेवर राहते. ‘डू द रूट्स ऑफ मँग्रोव्ह ट्रीज ग्रो…’ असे आले, तर उद्देश्य कळले. ‘डज’ लिहिले, तर मुलाने शेवटच्या नामावरून किंवा अंदाजाने वचन ठरवले आहे, आणि त्याला फेरीबोटीच्या वाक्याकडे परत न्यावे.

निबंध तपासताना सगळ्या चुकांवर लाल रेघा मारू नयेत; एका वेळी एकच गोष्ट तपासावी. वही देण्यापूर्वी मुलाने स्वतः प्रत्येक वाक्यातील काळ दाखवणाऱ्या क्रियापदाभोवती पेन्सिलीने गोल करावा. ज्या वाक्यात गोल करायला काही सापडले नाही, ते त्यानेच दुरुस्त करावे. ज्यात दोन गोल आले, तेथे सांधा आहे का ते पाहावे. शिक्षकाने त्या वेळी फक्त गोल तपासावेत. स्पेलिंग, आर्टिकल आणि बाकीच्या गोष्टी पुढच्या निबंधासाठी ठेवाव्यात. पालकांना ही पद्धत अपुरी वाटते, ‘इतक्या चुका तशाच का सोडल्या?’ असे ते विचारतात. तेव्हा गोल केलेली वही त्यांच्यापुढे ठेवावी आणि या वेळी कोणती गोष्ट तपासली आहे ते सांगावे. पुढच्या निबंधात गोल न सापडणारी वाक्ये कमी झाली नाहीत, तर मुलाला पुन्हा पट्ट्यांच्या खेळात ‘इज’ची पट्टी हातात देऊन उभे करावे.